रात्री दहाची गाडी, अकरा माणसं आणि संपलेलं मटण : सोलापुरातल्या एका मुक्कामाचं प्रकरण

सोलापूरला मुक्कामी येणारी मंडळी फोनवर पहिली चौकशी करतात ती दराची. खोली कितीला, थाळी कितीला. दर कळतो, थोडी घासाघीस होते, आणि तरी मुक्काम बिघडतो. इथल्या लहान लॉजचा आणि खाणावळीचा कारभार घड्याळावर चालतो, आणि ते घड्याळ पाहुण्याने विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार एवढ्या अवधीत हे कुठे कुठे नडतं, ते या प्रकरणात पाहू. यातलं कुटुंब कुणी एक नाही. शनिवार-रविवारी लॉजच्या काउंटरवर आणि खाणावळीच्या बाकड्यावर वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका कुटुंबाच्या नावावर जमा केल्या आहेत. खोली-थाळीचे रुपये हिशेबापुरते धरलेले आहेत. कराचे दर आणि नियम आहेत तसे दिले आहेत.

मंडळी आणि बेत

पुण्याचं एकत्र कुटुंब. आजोबा-आजी, दोन मुलगे, दोन सुना, मुलगी, जावई आणि तीन मुलं, तेरा, नऊ आणि पाच वर्षांची. एकूण अकरा. आजोबांना मधुमेह, शिवाय गुडघे दुखतात. आजोबा-आजी माळकरी. जावई शनिवार पाळतात. घरात जाहीर झालेला हेतू अक्कलकोट आणि तुळजापूरच्या दर्शनाचा. उरलेल्यांना सोलापूरचं काळं मटण खायचं होतं. तो हेतू जाहीर झाला नव्हता, पण जास्त पक्का होता.

महिना डिसेंबर, पहिला पंधरवडा. म्हणजे हुरड्याला अजून थोडा अवकाश आणि लग्नाच्या तिथी दाट. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस, दोन रात्री मुक्काम, रविवारी दुपारनंतरच्या गाडीने परत. धाकट्या मुलाने बुधवारी नवी पेठेच्या बाजूच्या एका लॉजला फोन करून चार खोल्या सांगितल्या. ॲडव्हान्स दिला नाही, मॅनेजरने मागितलाही नाही. "या की, ठेवतो खोल्या," एवढ्यावर काम झालं.

काउंटरवर

हुतात्मा रात्री दहाच्या सुमारास सोलापूरला पोचते. मुंबईची वंदे भारत तर साडेदहानंतर. म्हणजे पुण्या-मुंबईहून संध्याकाळी निघणारा पाहुणा इथे उतरतो तेव्हा लॉजची पाळी बदललेली असते आणि खाणावळीची चूल शांत होत आलेली असते. या प्रकरणातल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे.

मंडळी लॉजवर पोचली तेव्हा सव्वादहा वाजले होते. चार खोल्यांपैकी दोनच शिल्लक होत्या. बाकी दोन एका लग्नाच्या वऱ्हाडाला गेल्या होत्या. मॅनेजर खोटं बोलत नव्हता आणि दुपारच्या मॅनेजरनेही फसवलं नव्हतं. लहान लॉजमध्ये बुकिंग दोन ठिकाणी राहतं, एक डायरीत आणि एक किल्ल्यांच्या बोर्डावर. डायरीतलं नाव ही आठवण असते. किल्लीला चिठ्ठी अडकली की ते बुकिंग. दुपारच्या माणसाने डायरीत लिहिलं, आठ वाजता पाळी बदलली, साडेआठला वऱ्हाडातला माणूस रोख घेऊन उभा राहिला, आणि बोर्डावर किल्ल्या मोकळ्या दिसत होत्या. पैसे न घेता ठेवलेली खोली रात्री आठ-नऊच्या पुढे कुणी राखत नाही. लेखी नियम कुठेही नाही, पण व्यवहार असाच चालतो.

चिठ्ठी लागते ती पैशाने. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं यूपीआयने पाठवलं, आणि त्याच नंबरवर "अकरा माणसं, चार खोल्या, शुक्रवार-शनिवार, हुतात्माने येतोय, रात्री सव्वादहापर्यंत पोचू" असा निरोप टाकला, तर पाळी बदलली तरी पुरावा मोबाईलवर राहतो. निरोपात गाडीचं नाव असावंच. गाडी उशिरा आली तर रात्रपाळीचा माणूस स्वतः बघू शकतो.

शेवटी तोडगा निघाला तो असा. दुसऱ्या मजल्यावर दोन डबल खोल्या, प्रत्येकी १,२०० रुपये. तिसऱ्या मजल्यावर पाच पलंगांची 'फॅमिली रूम' २,००० रुपयांना, आणि तिथे दोन जादा गाद्या, गादीला २००. रात्रीचे ४,८००. लिफ्ट नाही. आजोबांना तळमजल्यावरची खोली हवी होती. ती होती, पण वऱ्हाडाकडे. गुडघ्यांचा त्रास असलेला माणूस सोबत असेल तर खोली सांगताना मजला आधी सांगावा. "लिफ्ट आहे का" याला "आहे" असं उत्तर मिळतं आणि ती बंद असते, हेही घडतं. "तळमजल्याची खोली द्या" यात पळवाट नाही.

ओळखपत्रांवरून आणखी वीस मिनिटं गेली. एकाचं आधार पुरेल असा मंडळींचा समज होता. लॉजवाला प्रत्येक मोठ्या माणसाचं मागतो, आणि ते मागणं रास्त आहे. पोलिसांना दाखवायचं रजिस्टर त्यालाच भरायचं असतं. आजीचं आधार पुण्यात कपाटात राहिलं होतं. मोबाईलवर डाउनलोड केलेलं चाललं. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात ते मास्क्ड आधार वापरावं, आणि झेरॉक्स द्यावी लागली तर त्यावर लॉजचं नाव, तारीख आणि "फक्त मुक्कामासाठी" असं आडवं लिहून द्यावं. रात्री अकराला ही उठाठेव नको म्हणून आठही जणांच्या प्रती एका पाकिटात ठेवाव्यात.

(खोलीतलं पांघरूण पॉलिस्टरचं पांढरं ब्लँकेट निघालं. सोलापुरी चादरीला २००५ सालापासून भौगोलिक मानांकन आहे, आणि गावातल्याच लॉजात ती मागून घ्यावी लागते. धुतलेली चादर मागा, मिळते.)

साडेदहाचं जेवण

सामान टाकून थोरला मुलगा आणि जावई जेवण बघायला निघाले. पहिल्या खाणावळीत उत्तर मिळालं, "रस्सा आहे साहेब, पीस संपले." दुसरीकडे शटर अर्धं खाली होतं.

बाहेरगावच्या माणसाला हे नीट उमगत नाही, कारण त्याच्या डोळ्यासमोर असतं ते रेस्टॉरंट. तिथे ग्रेव्ही तयार, मांस फ्रीजमध्ये, ऑर्डर आली की दोन्ही कढईत एकत्र. मटणाची खाणावळ असं चालवत नाही. सकाळी बोकडाचं मटण येतं, त्याचं एक पातेलं दुपारसाठी आणि एक संध्याकाळसाठी चढतं. वाटणात भाजलेलं खोबरं, कांदा, काळा मसाला आणि बहुतेक ठिकाणी शेंगदाणे. मटण शिजायला दीड-दोन तास लागतात. साडेनऊला पातेलं तळाला गेलं तर नवं चढवून उपयोग नाही. ते साडेअकराला उतरेल, तेव्हा गिऱ्हाईक नाही. म्हणून मालक वाराप्रमाणे अंदाज बांधतो. रविवारी जास्त, सोमवार-गुरुवार-शनिवारी कमी, आणि उरण्यापेक्षा संपलेलं बरं असा त्याचा हिशेब असतो. मटण संपणं हे ताजेपणाचं लक्षण आहे. रात्री अकरालाही 'सगळं मिळेल' म्हणणारी जागा उलट दोनदा तपासावी.

शेवटी स्टँडच्या बाजूला एका ठिकाणी शेवभाजी, आमलेट आणि भात मिळाला. पोट भरलं. आजोबांचं मात्र जमलं नाही. ते रोज साडेआठला गोळी घेऊन जेवतात. गोळी गाडीत घेतली आणि जेवण अकराला झालं. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं की घाम, थरथर, गरगरणं सुरू होऊ शकतं. पिशवीत शेंगदाण्याचा लाडू होता म्हणून वेळ निभावली. अशा माणसाचा डबा घरूनच घ्यावा आणि गाडीतच जेवू घालावं. डॉक्टरांनी गोळीची वेळ जेवणाशी बांधून दिलेली असते. रेल्वेच्या वेळापत्रकाशी तिचा संबंध नाही.

दहाच्या गाडीने येणाऱ्याने पहिल्या रात्री मटणाचा बेत करूच नये, असं आमचं मत आहे. तरी करायचाच असेल तर कुर्डुवाडी हा खुणेचा दगड. कुर्डुवाडी सुटली की सोलापूर तास-सव्वा तासावर राहतं. खाणावळीचा नंबर दिवसा मिळवून ठेवलेला असेल तर दुपारीच सांगावं, "रात्री सव्वादहाला पाच पीस-प्लेट बाजूला काढून ठेवा, पैसे आत्ता पाठवतो," आणि कुर्डुवाडीहून पुन्हा आठवण द्यावी. मालक पातेल्यातून मटण काढून ठेवतो. भाकरीचं मात्र नक्की सांगता येत नाही. भाकरी करणाऱ्या मावशी दहाला घरी जातात. अशा वेळी कडक भाकरी किंवा भात.

अंघोळीचं गणित

शनिवारी सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, निघाले सव्वानऊला. सात माणसं एका खोलीत, न्हाणीघर एक.

न्हाणीघरात १५ लिटरचा गिझर होता. डिसेंबरात टाकीतलं पाणी साधारण २२ अंशांचं. २ किलोवॉटच्या गिझरला ते ५५ अंशांवर न्यायला सतरा-अठरा मिनिटं लागतात. त्यात थंड मिसळून अंघोळीजोगं पाणी होतं सत्तावीस लिटरच्या आसपास, म्हणजे भरून एक बादली आणि वर थोडं. एका माणसाला एक गिझर. सात माणसांना दोन तास. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांना सोलरचं पाणी होतं, पण पाइपात रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी बादलीभर सोडावं लागतं, आणि ते सोडून द्यायचं कुणाच्या जिवावर येतं, कारण सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये काही दिवस जातात. लॉजची भिस्त बोअर आणि टँकरवर असते. ती गार बादली मुलांच्या कपड्यांना किंवा संडासाला ठेवावी. बोअरचं पाणी जड असल्याने साबणाला फेस येत नाही. त्यात लॉजवाल्याचा दोष नाही. प्यायला मात्र जारचंच घ्यावं.

उपाय साधा होता, अर्ध्यांनी रात्री झोपण्याआधी अंघोळ उरकायची. सोलरचं पाणी संध्याकाळी सर्वांत कडक असतं.

अक्कलकोट, तुळजापूर

यावर फार लिहिण्यासारखं नाही. सोलापूरहून अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आतबाहेर, तुळजापूर ४५. दोन्ही एका दिवसात होतात. परत सोलापूरला न येता अक्कलकोटहून नळदुर्गमार्गे तुळजापूर गाठलं तर फेरा होतो आणि वाटेत किल्ला दिसतो. अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाचा महाप्रसाद दुपारी मिळतो, विनामूल्य. अकरा माणसांचं दुपारचं जेवण तिथेच करावं.

गाडी ठरवताना मात्र एक वाक्य विचारायचं राहिलं. टेम्पो ट्रॅव्हलरवाले बाहेरगावच्या फेरीला दिवसाचे किमान २५० ते ३०० किलोमीटर धरतात. प्रत्यक्ष धाव झाली १६० च्या आसपास, पैसे लागले ३०० चे. "किमान किती धरता? ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग त्यात का बाहेर?" हे आधी विचारलं असतं तर एकरकमी भाव ठरला असता. गुरुवारी अक्कलकोटला आणि मंगळवार-शुक्रवारी तुळजापूरला गर्दी वाढते. शनिवार त्या मानाने बरा.

शनिवारची रात्र

आता मुख्य विषय. मंडळी पावणेनऊला पूर्व भागातल्या एका मटण खाणावळीत पोचली. हा विणकरांचा भाग. तेलुगू बोलणारी पद्मशाली वस्ती मोठी, आणि गावात सावजी पद्धतीच्या खाणावळीही बऱ्याच. सावजी म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची स्वयंपाकाची रीत. नागपूरचं सावजी वेगळं, तिथे ती हलबा कोष्ट्यांची. दोन्हीकडे तिखट असतं म्हणून दोन्ही एकच, असं नाही.

खाणारे कोण? आठ मोठ्यांपैकी आजोबा, आजी आणि शनिवार पाळणारे जावई वगळले तर पाच. तेरा आणि नऊ वर्षांची मुलं खाणारी, पाच वर्षांच्याला तिखट चालत नाही. थोरल्या मुलाने विचार न करता सात मटण थाळ्या आणि चार शाकाहारी थाळ्या सांगितल्या. इथे दोन चुका झाल्या.

पहिली चूक मुलांच्या थाळ्यांची. तेरा वर्षांच्याने निम्मी खाल्ली, नऊ वर्षांच्याने दोन पीस पाण्यात धुऊन खाल्ले. पाच वर्षांच्याची शाकाहारी थाळी तशीच राहिली, कारण शेंगाभाजी, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाची भाजी, तिखट. मुलांसाठी अळणी मागायचं असतं. मसाला पडण्याआधी काढलेलं ते मटणाचं पाणी, मीठ आणि हळदीचं, सोबत दोन-चार पीस आणि भात. पाटीवर ते बहुधा लिहिलेलं नसतं, मागावं लागतं, आणि पातेल्यात मसाला पडल्यावर मागून मिळत नाही. म्हणजे पुन्हा संध्याकाळी फोन. पाच मटण थाळ्या, एक सुकं, तिन्ही मुलांत मिळून अळणी-भात, आणि तीन शाकाहारी थाळ्या एवढ्यात भागलं असतं. पाच-सहा मोठी माणसं असतील तर किलोवर सांगणं आणखी परवडतं. हाडासकट एक किलो मटण पाच ते सहा जणांना पुरतं, शिजून ते साडेसहाशे-सातशे ग्रॅम उरतं. पण किलोची ऑर्डर सकाळीच द्यावी लागते.

दुसरी चूक भाकरीची, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. बाकी सगळं ताटात पाच मिनिटांत आलं, भाकरी येईनात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळून लगेच थापावं लागतं. गोळे करून ठेवले तर कडा चिरतात. पीठ जुनं असेल तर थापतानाच मोडते. म्हणून चांगली खाणावळ पीठ रोजचं दळते आणि भाकरी मागणीनुसारच टाकते. मावशींच्या पुढे दोन तवे होते. एक भाकरी थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, मग जाळावर फुगवायची, तेवढ्यात दुसऱ्या तव्यावरची उलटायला आलेली. दोन तव्यांवर सवा मिनिटाला एक या वेगाच्या वर कुणी जात नाही. अकरा माणसांना सरासरी अडीच धरली तर सत्तावीस भाकरी, चौतीस मिनिटं. तेही दुकानात दुसरं टेबल नसेल तर. त्या रात्री आणखी चार टेबलं भरलेली होती.

तोवर रस्सा निवला, वरची तर्री गोठू लागली. थोरली सून वैतागून म्हणाली, "मावशी, आमच्या भाकरी कुठं अडकल्या?" आतून उत्तर आलं, "ताई, दोनच हात हायत. कडक खावा की तवर."

मावशींचा सल्ला बरोबर होता. कडक भाकरी ही इथे तडजोड मानत नाहीत. पातळ थापून मंद आचेवर पापडासारखी वाळवलेली ती भाकरी ताटात कुस्करायची, वर गरम रस्सा ओतायचा, मिनिटभर मुरू द्यायची. काळा रस्सा तिच्यातच जास्त चांगला लागतो. मोठ्या टोळक्याने सुरुवात कडक भाकरीने करावी, गरम भाकरी 'दोन-दोन करून येऊ द्या' म्हणून सांगावं, आणि रस्साही एकदम न घेता वाटीवाटीने मागावा. मग काहीच निवत नाही.

तिखटाबद्दल. पाणी पिऊन ते उतरत नाही, उलट तोंडभर पसरतं. भाकरीचा कोरडा तुकडा, दही, नाहीतर भात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शेंगदाणे. चटणीत, शेंगाभाजीत, वांग्याच्या भरल्या भाजीत, कित्येकदा मटणाच्या वाटणातही. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याने सोलापुरात "यात शेंगा आहेत का" असं न विचारता "शेंगा नसलेलं काय आहे" असं विचारावं. उत्तर बहुधा साधं वरण-भात, दही आणि भाकरी एवढंच येईल.

माळकरी आजोबा-आजींना त्याच खाणावळीत बसवणं हा आणखी एक घोळ. शाकाहारी थाळी मिळते, पण वाढणारा हात आणि पळी तीच असते. आजी जेवल्या नाहीत, केळं खाऊन उठल्या. त्यांच्यासाठी शुद्ध शाकाहारी ठिकाणी आठ वाजता वेगळं जेवण, सोबत जावई, असे दोन गट करायला कुणाची ना नव्हती. कुणाला सुचलं नाही इतकंच. मटणाच्या ठिकाणी परमिट रूम आहे का, हेही सहकुटुंब जाताना विचारून घ्यावं. 'फॅमिली सेक्शन' अशी पाटी असली तरी मध्ये कधी कधी फक्त पडदा असतो.

रविवार : चेकआऊट आणि बिल

मंडळी शुक्रवारी रात्री सव्वादहाला आली, म्हणून रविवारी रात्री सव्वादहापर्यंत खोली आपली, असा हिशेब आजोबांनी मांडला होता. चोवीस तासांचं चेकआऊट असेल तर तो बरोबर. या लॉजचं चेकआऊट दुपारी बाराचं होतं. म्हणजे पहिल्या 'दिवसाचे' दहा तास वापरायच्या आधीच गेले. उशिरा पोचणाऱ्याला चोवीस तासांचं लॉज थोडं महाग असलं तरी स्वस्त पडतं. इथे तडजोड झाली ती बरी होती: एक डबल खोली आजी-आजोबांसाठी संध्याकाळपर्यंत, अर्ध्या भाड्यात म्हणजे ६०० रुपयांत, आणि सगळं सामान काउंटरमागे. बारा वाजता मागितलं तर नकार येतो. सकाळी आठला, नवं गिऱ्हाईक यायच्या आधी, विचारलं म्हणून मिळालं.

बिल आलं ते असं. दोन रात्रींचे ९,६००, त्यावर जीएसटी १२ टक्के, १,१५२. जावयांनी अडवलं. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. १२ टक्के त्याआधीचा. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना दर तसाच राहिला होता. ५ टक्क्यांनी ४८० होतात, फरक ६७२ रुपयांचा. जादा गाद्यांचे पैसे खोलीच्या भाड्याचाच भाग, त्यांनाही हाच दर. मॅनेजरने मालकाला फोन लावला आणि बिल बदलून दिलं. अर्ध्या दिवसाचे ६०० आणि त्यावर ३० धरून शेवटची रक्कम १०,७१०.

बिल हातात आलं की आधी वरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक पाहावा. तो नसेल तर कर घेता येत नाही. खाणावळीच्या बिलावरही तेच, शिवाय १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक हवा. कंपोझिशन योजनेतला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरणारा, छोटा खाणावळवाला गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी लावू शकत नाही. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. छोट्या खाणावळीत तो प्रश्न सहसा येत नाही, मोठ्या हॉटेलात येतो. पाण्याच्या बाटलीवरून मात्र उगाच भांडू नये. टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेणं चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे. समजावूनही कुणी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तारखेबद्दल एवढंच की हेच कुटुंब संक्रांतीच्या आसपास आलं असतं तर तोडगासुद्धा मिळाला नसता. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत लॉज आधीच भरलेले असतात, आणि नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा जुन्या गावातले रस्ते वाहनांना बंद. रिक्षा लॉजच्या दारापर्यंत येत नाही, सामान डोक्यावर. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्यावर चालत जाणाऱ्यांची रीघ असते, तेव्हा गाडीने जायचा बेत करू नये.

सोबत काय न्यायचं

रविवारी दुपारी एकला थोरल्या मुलाने पुन्हा मटण पार्सल घ्यायचं काढलं, शनिवारचं जावयांचं राहिलं म्हणून. रविवारी एकला खाणावळीत सर्वांत जास्त गर्दी असते. साडेबाराच्या आत गेलं तर वीस मिनिटांत मिळतं, दीडला तासभर. पार्सलवाला सुकं आणि रस्सा वेगवेगळे देईल असं बघावं. रस्सा उकळता असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारतात, ती गाडीत सुटते. घरचा स्टीलचा, रबरी कड्याचा डबा न्यावा, बोटभर जागा रिकामी ठेवावी आणि निवल्यावर झाकण घट्ट करावं. बाहेरच्या हवेत दोन तासांच्या वर ते ठेवू नये; गाडी त्याहून जास्त वेळ घेते, म्हणून डबा गाडीत बसल्याबसल्याच संपवायचा.

शेंगाचटणीचं तसं नाही. उखळात कुटून तेल सुटलेली, लसूण भाजून घातलेली चटणी महिनाभर टिकते. कच्च्या लसणाची आठ-दहा दिवसांत वास धरते. घेताना लसूण कसा घातलाय ते विचारावं आणि चिमूटभर बोटांत दाबून पाहावी, तेल लागलं पाहिजे. कडक भाकरी कागदात गुंडाळून देतात आणि दौंड येईपर्यंत तिचा चुरा होतो. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या रचून, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे घालून, सगळ्यात वर ठेवाव्यात. चुरा झालाच तर दह्यात कालवून वर फोडणी द्यावी, आजोबांनी सोमवारी तेच खाल्लं.